एका वर्गाची कथा

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे देवळात एकत्र येतात. महाप्रसाद आटोपून अग्रशाळेच्या ओसरीवर मंडळी विसावली की बोलणे हटकून एका विषयाकडे वळते. शाळेत बरोबर कोण कोण होते, पाठांतरात कोण पुढे असे, मास्तरांची हुबेहूब नक्कल कोण करी, आणि ती मंडळी आज कोठे आहेत. कोणी मुंबईस पेढीवर स्थिरावला, कोणी आफ्रिकेस गेला, कोणी वैद्य झाला, कोणी वकील. वर्गात ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती त्याने नाव काढले, आणि ज्याच्याकडून फार होती तो गावातच राहिला. अशा गप्पांत पांढऱ्या केसांचा विसर पडतो आणि घटकाभर सर्वांना अर्ध्या चड्डीतले वय परत मिळते.

परंतु या गप्पांत एक प्रश्न सहसा निघत नाही. एका बाकावर बसलेल्या त्या मुलांनी पुढे एकमेकांसाठी काय केले? ज्या शाळेने त्यांना एकत्र आणले त्या शाळेचे त्यांनी काय देणे फेडले? या प्रश्नाचा विचार आज एका प्रसिद्ध वर्गाच्या उदाहरणाने करावयाचा आहे. हा वर्ग गोव्यातला नव्हे. तो लाहोरात भरू लागला, मुंबईस वाढला आणि तेथेच मोडला. तरीही देवळाच्या सभामंडपात त्याची आठवण काढणे अप्रस्तुत ठरणार नाही. कारण त्या वर्गात गाणे शिकविले जात होते, आणि गाणे हे देवळांचे जुने धन आहे.

हा वर्ग म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयातील उपदेशक वर्ग.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूचा अपघात होऊन मुलाच्या डोळ्यांस इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. तेव्हा मिरज संस्थानच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी अपार कष्ट सोसून मिळविली होती आणि ती महाराष्ट्रात आणून रुजविली होती. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबरांची तालीम झाली. विद्या उत्तम मिळाली. पण विद्येला समाजात प्रतिष्ठा नव्हती. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले आणि प्रत्यक्ष गुरूंना मात्र आले नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविली आहे. गुरू गवई होते, एवढाच त्यांचा दोष. ही सल उरात घेऊन १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. वडोदे, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी दीर्घ भ्रमंती करीत ते पंजाबात पोहोचले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

यात नवे ते काय होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे एका गुरूचे घर धरावयाचे. सेवा करावी, कान उघडे ठेवावेत, गुरूची मर्जी फिरेल तेव्हा एखादी चीज पदरात पडावी. हा मार्ग खोटा होता असे कोणीही म्हणणार नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांपाशी जी तालीम घेतली ती याच मार्गाची होती, आणि तिने त्यांना नेलेल्या उंचीपुढे सारा देश नम्र झाला. गोमंतकाला त्याचा अभिमान आहे. पण या मार्गात वर्ग नव्हता. गुरुबंधू असत, वर्गमित्र नसत. एकाच विहिरीवर पाणी भरावयाचे, पण घागर ज्याची त्याची, आणि एकाची घागर दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये ही खबरदारी.

विष्णु दिगंबरांनी हे सारे उघड्यावर आणले. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, हजेरी, परीक्षा. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके लिहिली, ती छापण्यासाठी छापखाना घातला, आणि तंबोरे व पेट्या दुरुस्त करण्यासाठी कारखानाही काढला. स्त्रियांसाठी वर्ग चालविले आणि त्यात स्वतःच्या घरच्या मुलींना शिकवून उभे केले. गृहस्थाच्या मुलाने, त्याहूनही गृहस्थाच्या मुलीने, उजळ माथ्याने गाणे शिकावे ही त्यांची प्रतिज्ञा होती. १९०८ साली मुंबईस महाविद्यालय निघाले आणि पुढे गिरगावानजीक सँढर्स्ट रोडवर त्याची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली.

या महाविद्यालयाचा प्राण म्हणजे उपदेशक वर्ग. संध्याकाळी शिकवणी घेऊन घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांहून ही मुले निराळी. त्यांनी महाविद्यालयातच राहावयाचे. जेवणखाण, राहणे, शिक्षण सर्व विनामूल्य. मात्र पालकांनी नऊ वर्षांचा करार लिहून द्यावयाचा. या मुदतीत मुलाने विद्या पुरी करावी आणि नंतर गावोगावी जाऊन ती शिकवावी. धर्मोपदेशकाप्रमाणे संगीताचे उपदेशक तयार करावयाचे, असा तो संकल्प होता. पहाटे उठून खर्ज लावावयाचा, दिवसा स्वतः शिकावयाचे, खालच्या वर्गांना शिकवावयाचे, छापखान्यात व कारखान्यात हात लावावयाचा आणि रात्री गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसावयाचे. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात विष्णु दिगंबर 'वंदे मातरम्' म्हणत तेव्हाही शिष्यांचा मेळा त्यांच्या संगतीला असे.

मुले कोणत्या घरांतून आली होती? मिरजेचा विनायक पटवर्धन १९०७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, संस्थानाधिपतींची शिष्यवृत्ती घेऊन थेट लाहोरला गेला. मिरजेहून लाहोर म्हणजे त्या काळी दुसरा मुलूखच. ओंकारनाथ ठाकूर खंभातजवळच्या जहाज गावचा. घरी दारिद्र्य इतके की लहान वयातच त्याने स्वयंपाकघरात राबून आणि रामलीलेत काम करून पोट भरले. भडोचचे पारशी गृहस्थ शेठ शापुरजी मंचेरजी डुंगाजी यांच्या कानी त्याचा गळा पडला आणि त्यांनी त्याला मुंबईस विष्णु दिगंबरांकडे पोहोचविले. कोल्हापूरचे शंकर आणि नारायण व्यास हे दोघे सख्खे भाऊ. आधी थोरला आला आणि पाठोपाठ धाकटा. मिरजेचा बाळकृष्ण देवधर लहानपणीच वडिलांना पारखा झालेला. तासगावचे नारायण मोरेश्वर खरे वयाने या सर्वांहून वडील. सगळेच एका वर्षी एका बाकावर बसले होते असे नव्हे. कोणी आधी आला, कोणी नंतर. एक शिकून बाहेर पडला तेव्हा दुसरा 'सा' लावीत होता. परंतु छप्पर एक, पंगत एक आणि शिस्त एक. पंगतीतल्या या सोबतीलाच पुढे अर्थ आला.

स्वभाव मात्र एकाचा दुसऱ्यास मिळेल तर शपथ. ओंकारनाथ देहाने धिप्पाड, आखाड्याची आवड असलेला, गाण्यात भावनेचा पूर आणणारा. त्याच्या गाण्यात वक्ता आणि नट दोघेही दडलेले. विनायक म्हणजे घड्याळ. ठरल्या वेळी ठरलेले काम, शंभर वेळा घोकून पक्के केलेले, ताल आणि लयीवर कडेकोट ताबा. नारायणाचा आवाज टिपेला स्वच्छ, धारदार आणि ऐकताक्षणी कानात बसणारा. शंकर संघटक, माणसे जोडावी, मंडळ काढावे, चाली बांधाव्या. देवधर चौकस. प्रत्येक गोष्टीचे 'का' विचारावयाचे. त्याची ही बुद्धी हेरून विष्णु दिगंबरांनी त्याला इंग्रजी शिक्षणाची मोकळीक दिली आणि तो पदवीधर झाला. सर्वांना एकाच साच्यातून काढणारी शिस्त असूनही गुरूंनी एकाची वाट निराळी होऊ दिली, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

आता या कथेतील कटू भाग. महाविद्यालयाच्या जमेच्या बाजूला मुख्य रक्कम एकच होती, ती म्हणजे विष्णु दिगंबरांच्या गायनाच्या दौऱ्यांचे उत्पन्न. खर्चाच्या बाजूला मात्र विनामूल्य राहणाऱ्या मुलांचे दोन वेळचे अन्न, शिक्षक, छापखाना आणि सर्वांवर कळस म्हणजे इमारतीसाठी काढलेले कर्ज व त्याचे व्याज. गुरू दौऱ्यावर असेपर्यंत दोन्ही बाजू कशाबशा जुळत होत्या. पुढे त्यांचे मन रामभक्तीकडे वळले. मैफलींची जागा तुलसीरामायणाच्या प्रवचनांनी व रामनामाच्या गजराने घेतली, नाशिकला रामनामाचा आश्रम निघाला, आणि जमेची बाजू रोडावली. व्याज मात्र भक्तीसाठी थांबत नाही. अखेर १९२४ च्या सुमारास धनकोंनी इमारत लिलावात काढली. मुलांच्या पहाटेच्या खर्जाने जी वास्तू जागी होत असे ती परक्याची झाली.

जमाखर्चाचे कोणतेही पुस्तक उघडले तरी या उद्योगापुढे 'बुडीत' असाच शेरा पडेल. गावोगावच्या संस्था चालविणाऱ्या महाजनांना अशा शेऱ्याची भीती काय असते, हे सांगावयास नको. वास्तू गेली म्हणजे सारे गेले, असेच त्या वेळी अनेकांना वाटले. वर्ग मोडला. शिष्य दिशादिशांना पांगले.

ते कोठे गेले आणि त्यांनी काय केले, हे आता पाहू.

नारायणराव खरे इमारत जाण्याच्या कितीतरी आधी बाहेर पडले होते. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता. त्यांनी विष्णु दिगंबरांकडे मागणी केली आणि गुरूंनी खऱ्यांना पाठविले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला, 'आश्रम भजनावली' संपादिली, आणि १९३० साली गांधीजींबरोबर दांडीपर्यंत जी निवडक मंडळी पायी चालली त्यांत ते होते. १९३८ साली हरिपुरा येथे, राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाच्या तयारीत असताना, त्यांचे निधन झाले. मैफलीच्या जगात त्यांचे नाव फारसे झाले नाही. पण लक्षावधी माणसांनी प्रार्थनेत जे सूर लावले त्यांमागे या वर्गातले शिक्षण होते.

ओंकारनाथांना गुरूंनी १९१६ साली, विशी गाठण्यापूर्वीच, लाहोर शाखेचे प्राचार्य नेमले. पुढे ते भडोचला परतले, स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरले, आणि गायक म्हणून देशभर गाजले. १९३३ साली ते युरोपात गेले असताना इकडे पत्नीचे निधन झाले, आणि दौरा अर्धा टाकून ते परतले. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे आकाशवाणीवरून त्यांच्या कंठातून 'वंदे मातरम्' निनादले. गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसून जे पोरवयात म्हटले तेच स्वतंत्र भारताच्या पहिल्या प्रभाती त्यांनी म्हटले. १९५० साली काशी हिंदू विद्यापीठात संगीताचे महाविद्यालय निघाले, त्याची धुरा त्यांनी वाहिली. १९६७ साली ते निवर्तले.

विनायकरावांची वाट सर्वांना बुचकळ्यात टाकणारी. ज्या शाळेने गाण्याला बदलौकिकातून सोडविण्याचा पण केला, तिचा सर्वांत शिस्तीचा विद्यार्थी १९२२ साली गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाला आणि बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका करू लागला. दहा वर्षे त्यांनी तोंडाला रंग लावला. लौकिक मिळाला, पैसाही मिळाला. पण गुरूंच्या निधनानंतर त्यांनी हे सर्व सोडून दिले, आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यास गांधर्व महाविद्यालय या जुन्याच नावाने शाळा उघडली. 'रागविज्ञान' या ग्रंथाचे सात भाग लिहिले. त्यांच्या शिष्यांपैकी विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत त्याच नावाची शाळा काढली. १९७५ साली देहावसान होईपर्यंत विनायकराव शिकवीतच राहिले.

नारायणराव व्यासांनी आणखी एक नवे साधन हाती घेतले. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत राग उभा करून, बंदिश मांडून, तानेने सांगता करावयाची ही कला त्यांना साधली. ज्यांनी आयुष्यात मैफल पाहिली नाही अशा घरांतूनही त्यांचे गाणे पोहोचले. विनायकरावांबरोबरची त्यांची जुगलबंदीही रसिकांच्या स्मरणात राहिली. एकत्र घोटलेला आवाज वेगवेगळ्या वाटा चालून आल्यावरही जुळतो, हे त्या जुगलबंदीने दाखविले. त्यांचे बंधू शंकरराव अहमदाबादेत शिकवीत होते. पुढे मुंबईस येऊन दोघा भावांनी दादरला व्यास संगीत विद्यालय चालविले. 'भरत मिलाप' व 'रामराज्य' या बोलपटांचे संगीत शंकररावांचेच. याच वर्गातले विष्णु अण्णाजी कशाळकर अलाहाबादेस गेले आणि तेथील प्रयाग संगीत समितीच्या स्थापनेत त्यांचा वाटा राहिला.

आणि चौकस देवधर? इमारत गेल्यावर लवकरच, १९२५ साली, त्यांनी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ आपले संगीत विद्यालय काढले. प्रोफेसर स्क्रिंझी या इटालियन गृहस्थांपाशी त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला. ज्या फाटक्या वेषातील सिंदे खाँकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांना मान देऊन त्यांच्याकडून दुर्मिळ चिजा मिळविल्या. घराण्याची भिंत त्यांनी मानली नाही. त्यांच्या विद्यालयात बडे बडे उस्ताद येऊन बसत, आणि त्यांच्या आठवणी व मुलाखतींतून 'थोर संगीतकार' हे पुस्तक तयार झाले. आवाजाच्या साधनेवर त्यांनी शास्त्रीय दृष्टीने लिहिले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा एक मुलगा अकराव्या-बाराव्या वर्षी या विद्यालयात दाखल झाला. त्याचे नाव शिवपुत्र कोमकली, अर्थात कुमार गंधर्व. कुमार पुढे १९४८ साली इंदूरजवळ देवासला स्थायिक झाले आणि माळव्याच्या लोकगीतांतून त्यांनी गाण्याला नवा प्रकाश दिला. मिरजेचा गुरू, बेळगावकडचा शिष्य, माळव्याची कर्मभूमी: मराठी मुलखाच्या कडेकडेने हा एकच धागा ओवला गेला आहे. काशीस ज्या संगीत महाविद्यालयाची धुरा ओंकारनाथांनी वाहिली, त्याचे प्राचार्यपद पुढे देवधरांकडेही आले. एकाच पंगतीतले दोघे सोबती आयुष्याच्या उत्तरार्धात एका खुर्चीचे मानकरी झाले.

परंतु या वर्गाची खरी परीक्षा या यशांत झाली नाही. ती १९३१ साली झाली. त्या वर्षी २१ ऑगस्ट रोजी मिरजेस विष्णु दिगंबरांचा अंत झाला. मागे इमारत नाही, ठेव नाही. अनेक अपत्ये बालवयात गमावल्यानंतर वाचलेला एकुलता एक मुलगा दत्तात्रेय तेवढा मागे राहिला, अवघा दहा वर्षांचा. शिष्य चहू दिशांना, प्रत्येकाचा संसार निराळा, प्रत्येकाचा मार्ग निराळा. एक नाटकात, एक राजकारणात, एक आश्रमात, एक तबकडीवर. आपापल्या गावी श्रद्धांजलीची सभा भरवून ते मोकळे झाले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

ते मोकळे झाले नाहीत. त्याच वर्षी शिष्यमंडळी अहमदाबादेस एकत्र आली आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्यात शंकरराव व्यासांची खटपट मोठी. कोणा एकाने गादीवर बसावयाचे नाही, सर्वांनी मिळून एक अभ्यासक्रम ठरवावयाचा, एक परीक्षा घ्यावयाची, आणि जेथे जेथे शिष्य असेल तेथे तेथे शाळा चालवावयाची, असे या योजनेचे स्वरूप. गवयांच्या जगात ही गोष्ट किती अवघड, हे जाणकारांस ठाऊक आहे. दोन गवई एका तंबोऱ्याच्या जुळणीवर एकमत होत नाहीत, तेथे हे देशभरचे गवई एका प्रश्नपत्रिकेवर एकमत झाले! याचे कारण एकच संभवते. ते गुरुबंधू होतेच, पण त्याआधी वर्गमित्र होते. एकमेकांचे सूर लागताना आणि चुकताना त्यांनी लहानपणी ऐकले होते. ज्याची चूक आपण ऐकली आणि ज्याने आपली ऐकली, त्याच्यापाशी मोठेपणाचा आव टिकत नाही.

दुसरे ऋण गुरुपुत्राचे. दत्तात्रेयाला या गुरुबंधूंनी आपलासा केला. चुलतबंधू चिंतामणराव पलुसकर, नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांनी त्याला शिकविले. वडिलांपाशी जे मिळावयाचे राहिले ते वडिलांच्या विद्यार्थ्यांनी ओंजळीने परत केले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात तो गायला, आणि पुढे पंडित द. वि. पलुसकर या नावाने साऱ्या देशाचा लाडका झाला. 'बैजू बावरा' या १९५२ सालच्या बोलपटात अमीर खाँसाहेबांबरोबरचे त्यांचे गाणे घराघरांत पोहोचले. दैव असे की १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. ज्यांनी त्यांना शिकविले त्यांच्यावरच त्यांचा शोक करण्याची पाळी आली. तरीही त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतील तो निर्मळ सूर ऐकताना जाणवते की विष्णु दिगंबरांच्या वर्गाने आपल्या गुरूची फेड अपुरी ठेवली नाही.

हे सारे गोव्यातील महाजन कुटुंबांना का सांगावयाचे? एक कारण घरातच सापडेल. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देशभर, आणि गोव्यातही, ज्या मंडळाच्या म्हणून दिल्या जातात ते मंडळ म्हणजे १९३१ साली जमलेल्या त्या वर्गाने मागे ठेवलेले कार्य. आपल्या मुली-सुना संकोच न बाळगता तंबोरा घेऊन बसतात आणि वडीलधारी मंडळी कौतुकाने ऐकतात, हे दृश्य आज कोणास नवलाचे वाटत नाही. एके काळी या भूमीत देवळातले गाणे ज्या स्त्रियांनी शतकानुशतके सांभाळले त्यांच्या वाट्याला विद्येचे श्रम आले, पण मान आला नाही. गृहस्थाच्या मुलींच्या वाट्याला मान आला, पण विद्या आली नाही. ही भिंत पाडण्याच्या कामी ज्यांचे हात लागले त्यांत या वर्गाचे हात आहेत, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

परीक्षांनी सारेच चांगले केले असेही नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आणि तंबोरा गवसणीत, अशीही घरे आहेत. वर्गातून केसरबाई निघत नाहीत, हा आक्षेपही खोटा नाही. पण वर्गातून ऐकणारे निघतात, शिकविणारे निघतात, आणि अडचणीच्या दिवशी एकत्र येणारे निघतात. एकाकी तपश्चर्येतून कळस घडतो. जोते मात्र अनेकांनी मिळून घालावे लागते.

दुसरे कारण त्याहून जुने आहे. इमारत गेली तरी संस्था राहते की नाही, या प्रश्नाचे उत्तर महाजनांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास. मूळची देवळे पडली, जमिनी गेल्या. जमाखर्चाच्या वहीत तेव्हाही 'बुडीत' असाच शेरा पडला असता. परंतु रातोरात देव घेऊन निघालेल्या त्या मंडळींपाशी एकमेकांची ओळख होती आणि नित्यनेमाची आठवण होती. नदीपलीकडे आधी साध्या आसऱ्यात पूजा सुरू झाली. दगडी देवळे, दीपमाळा, तळ्या मागाहून आल्या. अहमदाबादेस जमलेल्या त्या गवयांनी न कळत हीच वाट चोखाळली.

म्हणून देवस्थानच्या कार्याचा विचार करताना सभागृह, फरशी, कमान यांच्या अंदाजपत्रकाबरोबर आणखी एक बाब मांडावी, अशी नम्र विनंती आहे. अग्रशाळेच्या एखाद्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस मुलांचा गाण्याचा वर्ग भरावा. पेटी, तबला, दोन तंबोरे आणि वेळेवर पगार मिळणारा एक शिक्षक, एवढ्यावर तो सुरू होतो. महाजनांची मुले, पुजाऱ्यांची मुले, देवळात वाजविणाऱ्या घराण्यांची मुले एका चटईवर बसावीत. त्यांतून कोणी ओंकारनाथ निघेल की नाही, हे श्रींनाच ठाऊक. पण चाळीस वर्षांनी ती मुले उत्सवाला येतील, अग्रशाळेच्या ओसरीवर बसतील आणि विचारतील, तो अमका कोठे आहे? त्याचा कोमल निषाद कधीच लागत नसे. मग कोणीतरी उठून त्याला शोधून आणील.

अशी माणसे या देवस्थानाच्या भोवती सदैव राहोत, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.